माल्कम यंगचा ऱ्हिदम टोन, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये: एक प्रकरण अभ्यास

ठाण्यातला एक पंचविशीतला गिटारवादक. आठवडाभर नोकरी, शनिवार-रविवार बँड. बँडने जुन्या हार्ड रॉकची एक संध्याकाळ करायचं ठरवलं आणि एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन बँडची काही गाणी याच्या वाट्याला आली. त्याचा मला आलेला निरोप जसाच्या तसा: "दादा, घरी टोन एकदम मिळालाय. पण रिहर्सलला गेलो की माझी गिटारच ऐकू येत नाही. आणि 'बॅक इन ब्लॅक'मधली डी कॉर्ड वाजवली की नुसता चिखल होतो."

अर्धं निदान या निरोपातच होतं. घरी भव्य आणि बँडमध्ये गायब, हे एक लक्षण. पॉवर कॉर्डला (फक्त षड्ज-पंचमाच्या कॉर्डला) ठीक आणि पूर्ण कॉर्डला चिखल, हे दुसरं. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, पण सामान बघितल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवून त्याच्या घरी गेलो.

सामान असं होतं. मध्यम किमतीची, दोन हमबकरची, म्हणजे घरघर मारणाऱ्या दुहेरी वेटोळ्याच्या पिकअपची गिटार. ब्रिजजवळचा पिकअप सिरॅमिक मॅग्नेटचा, मीटर लावला तर पंधरा किलोओहमच्या आसपास रोध दाखवणारा. तारा ९-४२ च्या, म्हणजे सर्वांत बारीक तार इंचाच्या ९ हजारांश आणि सर्वांत जाड ४२. पिक इतका पातळ की टेबलावर दाबला तर वाकून आडवा व्हायचा. पायाखाली डिजिटल मल्टी-इफेक्ट्स युनिट आणि त्यात ब्रिटिश अ‍ॅम्पच्या नावाचा एक तयार प्रीसेट: पुढे ओव्हरड्राइव्ह पेडल, अ‍ॅम्पचा गेन (आवाज किती खरखरेल ते ठरवणारा नॉब) ८, बास ७, मिड ३, ट्रेबल ७, शेवटी हॉलचा रिव्हर्ब, आणि या सगळ्याची घरघर झाकायला नॉइज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो तोडणारी सोय.

हेडफोनवर ऐकलं. आवाज खरोखर मोठा होता. एकट्याने वाजवताना असा आवाज सुखावतो, आणि तयार प्रीसेट बनवणारे नेमकं तेच सुख डोळ्यांपुढे ठेवून बनवतात. दुकानात उभं राहून दोन मिनिटं वाजवणाऱ्याला खूश करणं हे त्यांचं काम. ड्रम, बास आणि गायक सोबत असताना काय होईल याची काळजी त्यांनी का करावी?

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो सेटिंगचा नव्हता. "तुला कुणाचा आवाज हवाय? अँगसचा की माल्कमचा?"

तो थांबला. एसी/डीसी म्हटलं की शाळेचा गणवेश घालून रंगमंचभर उड्या मारणारा अँगस यंग डोळ्यांसमोर येतो. सोलो तोच वाजवतो, फोटो त्याचेच. पण गाण्याचा कणा मागे ड्रमजवळ उभ्या असलेल्या थोरल्या भावाच्या, माल्कमच्या हातात होता. याच्या बँडमध्ये सोलो वाजवायला दुसरा गिटारवादक होता. म्हणजे याला माल्कम हवा होता, आणि प्रीसेट तर त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

मूळ आवाज कशाचा बनला होता

माल्कम यंगचा जन्म १९५३ चा, ग्लासगोचा. १९६३ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियात सिडनीला आलं. त्याचा मोठा भाऊ जॉर्ज आणि जॉर्जचा साथीदार हॅरी वांडा हे दोघे 'द ईझीबीट्स' या तिथल्या गाजलेल्या बँडमधले. १९७३ मध्ये माल्कम आणि अँगसने एसी/डीसी सुरू केला तेव्हा सुरुवातीच्या अल्बमांची निर्मिती वांडा आणि जॉर्ज यांनीच केली. माल्कम आयुष्यभर ज्या गिटारने ओळखला गेला ती १९६३ ची, ग्रेच कंपनीची जेट फायरबर्ड त्याला या वांडाकडूनच मिळाली.

ती गिटार मुळात लाल रंगाची, दोन पिकअपची. माल्कमने रंग खरवडून काढला, ब्रिज बदलून बॅडअ‍ॅसचा बसवला आणि गळ्याजवळचा पिकअप काढून टाकला. मध्ये काही काळ आणखी एक पिकअप बसवला होता, तोही गेला. उरला फक्त ब्रिजजवळचा फिल्टरट्रॉन. हा रे बट्स या माणसाने ग्रेचसाठी १९५० च्या दशकात बनवलेला हमबकर. घरघर मारतो, पण त्यावर वेटोळी कमी असल्यामुळे रोध जेमतेम चार-साडेचार किलोओहम. आपल्या ठाण्याच्या मित्राच्या पिकअपच्या एक तृतीयांशही नाही. रोध म्हणजे थेट आवाजाची ताकद नव्हे, मॅग्नेट आणि तारेची जाडी यांवरही ते ठरतं. पण दिशा समजायला एवढं पुरे: माल्कमची गिटार अ‍ॅम्पला हळू बोलत होती आणि स्पष्ट बोलत होती.

त्यात तारा १२-५६ च्या, तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली. जाझ वाजवणारे वापरतात तसला संच. इलेक्ट्रिक गिटारवर तिसरी तार एरवी साधी, नुसत्या पोलादाची असते. ती वाकवायला सोपी जाते, पण तिचा आवाज शेजारच्या तारांपेक्षा पुढे येतो आणि जोरात मारली की स्वर वर सरकतो. माल्कमला तार वाकवायचीच नव्हती. त्याला कॉर्ड वाजवायची होती.

अ‍ॅम्प मार्शलचा, आणि तोही बहुतेकांना अपेक्षित असलेला नव्हे. हार्ड रॉकचा ठरलेला अ‍ॅम्प म्हणजे शंभर वॅटचा सुपर लीड. माल्कमचं नाव जोडलं गेलं ते सुपर बासशी. नावाप्रमाणे बास गिटारसाठीचा, तोही शंभर वॅटचाच. दोघांचा सांगाडा जवळपास सारखा, पण सुपर लीडमध्ये ट्रेबल पुढे काढण्यासाठी व्हॉल्यूमवर आणि पहिल्या टप्प्यात जे बारीक कपॅसिटर बसवलेले असतात ते सुपर बासमध्ये नसतात. परिणामी आवाज कमी चिरका, जास्त भरीव, आणि तुटायला, म्हणजे डिस्टॉर्ट व्हायला, थोडा उशीर करणारा.

'बॅक इन ब्लॅक' अल्बम एप्रिल-मे १९८० मध्ये बहामाजमधल्या नासाऊ इथल्या कंपास पॉइंट स्टुडिओत रेकॉर्ड झाला. गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत वारला होता आणि ब्रायन जॉन्सन नुकताच आला होता. निर्माता रॉबर्ट जॉन 'मट' लँग, ध्वनी अभियंता टोनी प्लॅट. मिक्सिंग न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत झालं आणि जुलैत अल्बम बाहेर आला. दोघा भावांच्या गिटारी मिक्समध्ये दोन वेगळ्या बाजूंना ठेवल्या आहेत. आपल्या कामासाठी हे वरदान आहे, कारण मूळ आवाज समजून घ्यायला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. हेडफोनची एक बाजू कानावरून काढायची. मग दुसरी.

मी त्याला तेच करायला लावलं. एक बाजू, फक्त पहिली रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा कॉर्डांचा तुकडा. ऐकून तो म्हणाला, "ही तर जवळजवळ क्लीन आहे."

जवळजवळ. ऐकणाऱ्याच्या मनात हे गाणं जड, जाड, दणदणीत असतं. पण ती जाडी दोन गिटारी, बास आणि ड्रम यांची मिळून झालेली आहे. यातली कुठलीही एक गिटार एकटी ऐकली तर किंचित खरखरणारी, मधल्या पट्टीत भरलेली, जराशी कोरडी वाटते. आपला मित्र एकट्या गिटारमधून संपूर्ण बँडचा आवाज काढायला बघत होता. मग बँड आल्यावर त्या गिटारला जागाच उरत नव्हती.

डी कॉर्डचा चिखल

हा भाग मी जरा जास्त वेळ घेऊन त्याला समजावला, कारण इथे नुसतं "गेन कमी कर" म्हटलं तर माणूस दोन दिवस कमी ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी परत आठवर जातो.

रिफ म्हणजे ई, डी आणि ए. मिनिटाला सुमारे ९४ ठोक्यांची लय. ई आणि ए वाजवताना मुख्यतः षड्ज-पंचमच ऐकू येतो, त्यामुळे कितीही गेनला ते सुटून जातं. डी मात्र उघडी, पूर्ण कॉर्ड: चौथी तार मोकळी, म्हणजे डी, १४६.८ हर्ट्‌झ. तिसरीवर ए, २२०. दुसरीवर वरचा डी, २९३.७. पहिलीवर एफ शार्प, ३७०. हा एफ शार्प म्हणजे डीचा गंधार.

डिस्टॉर्शनचा स्वभाव असा की दोन स्वर एकत्र आत गेले की त्यांच्या फरकाचा एक तिसरा स्वरही बाहेर पडतो. २२० आणि १४६.८ यांचा फरक ७३.२. २९३.७ आणि २२० यांचा ७३.७. दोन्ही एकमेकांच्या लगत, आणि खालचा डी असतो ७३.४ चा. म्हणजे षड्ज-पंचम गेनमध्ये घातले की खालून एक आयता खर्ज उगवतो. पॉवर कॉर्ड एवढी मोठी का वाटते त्याचं कारण हे. आता गंधार घ्या. ३७० वजा २९३.७ म्हणजे ७६.३. हा खर्जाला जाऊन मिळत नाही. ७३ च्या जवळचा एक आणि ७६ चा एक, असे दोन खालचे स्वर एकमेकांशी भांडतात आणि सेकंदाला सुमारे तीन हेलकावे देतात. मित्राचा चिखल तो हाच.

भांडणाचं मूळ गिटारच्या पडद्यांत आहे. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट असतो. त्या हिशेबाने एफ शार्प ३६७ च्या आसपास हवा. बारा समान भागांच्या पट्टीत तो सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या हिश्शाने, चढा बसतो. शास्त्रीय संगीतवाले हार्मोनियमच्या गंधारावर जो आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या घेत आले तोच हा गंधार. साध्या आवाजात कान तो चालवून घेतो. गेन वाढला की तोच चढेपणा दसपटीने समोर येतो.

म्हणून उपाय गेनचा. पण किती कमी? आकडा सांगून उपयोग नसतो, कारण प्रत्येक यंत्रावर आठ म्हणजे वेगळं काहीतरी. मी त्याला कसोटी दिली. डी कॉर्ड वाजव आणि गुंजत ठेव. गेन हळूहळू खाली आण. पहिल्या तारेचा एफ शार्प बाकीच्यांतून वेगळा, स्वतंत्र ऐकू येऊ लागला की थांब. मग दुसरी कसोटी: हलक्या हाताने मारलंस तर आवाज जवळपास स्वच्छ यायला हवा, जोरात मारलंस तर गुरगुरायला हवा. हातातला फरक अ‍ॅम्पमधून ऐकू आला नाही तर अजून खाली.

ओव्हरड्राइव्ह पेडल बंद झालं. गेन आठवरून तीनच्या खाली आला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "दादा, हा तर बोडका आवाज आहे." रेकॉर्ड लावून सोबत वाजवायला सांगितलं तेव्हा गप्प झाला, कारण बोडका आवाज गाण्यात नेमका बसत होता.

हात, तारा आणि मधली शांतता

गेन उतरला की दोन गोष्टी उघड्या पडतात. एक, उजव्या हाताची असमानता. जास्त गेन सगळे ठोके दाबून एका उंचीचे करतो, तो आधार आता नव्हता. दोन, कॉर्ड थांबवण्याची जागा. आपला मित्र कॉर्ड थांबवतच नव्हता. त्याच्या वतीने नॉइज गेट थांबवत होता, तेही अर्धवट, शेपटी कापल्यासारखं.

या गाण्यात दोन कॉर्डांमधली शांतता ही कॉर्डइतकीच वाजवावी लागते. डीचे ठोके नेमके जिथे संपतात तिथे आवाज पूर्ण मरतो, ड्रमर फिल रडची हाय-हॅट (झांजांची जोडी) तेवढी चालू राहते, आणि मग ए येते. ती रिकामी जागा स्वच्छ नसेल तर पुढचा ठोका कितीही जोरात मारा, तो मोठा वाटत नाही. त्यासाठी डाव्या हाताची बोटं तारांवरून न उचलता सैल करायची आणि त्याच क्षणी उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ टेकवायची. मोकळी चौथी तार डाव्या हाताने झाकत नाही, तिला तळहातच लागतो. डीला घोटाळा होतो तो इथे. गेट बंद केलं आणि त्याला हे मेट्रोनोमवर, अ‍ॅम्पशिवाय करायला लावलं. त्याने कंटाळून दोनदा गेटकडे बोट नेलं, पण टिकला.

तारांवर मात्र वाद झाला. मी ११ चा संच सुचवला. इंटरनेटवर वाचून त्याला थेट १२-५६ लावायचे होते, गुंडाळलेल्या तिसऱ्यासकट. जाड तार त्याच स्वराला ताणायची तर ताण जवळपास जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४२ वरून ५६ म्हणजे सहाव्या तारेवर पाऊणपटीहून जास्त वाढ. ती सोसायला नटच्या (गळ्याच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचा रुंदवायला हव्यात, गळ्यातला ट्रस रॉड फिरवायला हवा, ब्रिजवर इंटोनेशन, म्हणजे वरच्या पडद्यांवरचा सुरेलपणा, नव्याने लावायला हवं. शिवाय ग्रेचची तार मुळात थोडी आखूड असते, साधारण २४.६ इंची, याची होती २५.५ ची. म्हणजे तोच संच याच्या गिटारवर माल्कमला लागत होता त्याहून घट्ट बसणार. शिवाय पावसाळ्याचे दिवस, लाकूड आधीच ओल प्यायलेलं. शेवटी ११-४९ वर तडजोड झाली. गिटार सेट करून आणली, सोबत जाड, न वाकणारा पिक घेतला.

पिक बदलल्याचा फरक त्याला सर्वांत आधी जाणवला. पातळ पिक तारेवर आदळून आधी स्वतः वाकतो, त्याचा चटका वरच्या पट्टीत ऐकू येतो आणि तारेला धक्का उशिरा मिळतो. जाड पिक हातातला जोर तसाच्या तसा पोचवतो.

पिकअपचं काय, हा प्रश्न राहिलाच होता. बदलण्याआधी फुकटचा उपाय करून पाहिला: स्क्रू फिरवून पिकअप तारांपासून खाली केला, बराच. आउटपुट उतरलं, चुंबकाची ओढ कमी झाल्यामुळे तारा मोकळ्या गुंजू लागल्या, आणि खालची घुमघुम गेली. मग गिटारवरचा व्हॉल्यूम सातच्या आसपास. इथे एक तांत्रिक गोम येते: व्हॉल्यूम उतरवला की ट्रेबलही उतरतो, आवाजावर घोंगडं पडतं. त्यावर व्हॉल्यूम पॉटला एक छोटा कपॅसिटर आणि एक रेझिस्टर डकवतात, ट्रेबलला आडवाट मिळते. सोल्डरिंग येणाऱ्या कुणालाही पंधरा मिनिटांचं काम, खर्च चहा-वड्याइतका.

अ‍ॅम्प नसताना अ‍ॅम्प

मार्शलचे ते जुने अ‍ॅम्प मास्टर व्हॉल्यूमशिवायचे, म्हणजे शेवटचा आवाज वेगळा उतरवणारा नॉब नसलेले. मास्टर असलेलं मॉडेल मार्शलने १९७५ मध्ये आणलं. त्याआधीच्या अ‍ॅम्पमध्ये गेन आणि आवाज ही एकच गोष्ट होती. डिस्टॉर्शन हवं तर व्हॉल्यूम वाढवा, आणि शंभर वॅटचा व्हॉल्यूम वाढवला की आधी आउटपुटच्या व्हॉल्व्हना धाप लागते. धाप लागलेल्या पॉवर टप्प्याचा आवाज गोल, रुंद आणि हाताला प्रतिसाद देणारा असतो. प्रीअ‍ॅम्पमधला गेन बारीक, दाट, सतत सारखा असतो. आपल्याला पहिला हवा.

आता शंभर वॅट आणि चार स्पीकरचं कपाट एक मीटरवर ११५ डेसिबलच्या सहज पुढे जातं. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ ची मर्यादा आहे. नियम बाजूला ठेवले तरी सोसायटीचे सचिव आहेतच. कमी वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प घेण्याचा विचारही त्याने बोलून दाखवला. पण दहा वॅट म्हणजे शंभरच्या दहावा हिस्सा आवाज असं कानाला वाटत नाही. फरक दहा डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण निम्मा. फ्लॅटसाठी दहा वॅटसुद्धा डोक्याच्या वरच.

तेव्हा डिजिटल युनिटच राहिलं, फक्त त्यातला अ‍ॅम्प बदलला. मास्टर नसलेल्या, चार इनपुटच्या जुन्या मार्शलचं मॉडेल प्रत्येक बऱ्या युनिटमध्ये असतं. त्यातलं झगझगीत चॅनेल सोडून नॉर्मल चॅनेल घेतलं, म्हणजे सुपर बासच्या वळणाचं. मॉडेलमध्ये मास्टर दिलेला असेल तर तो पूर्ण उघडायचा, कारण खऱ्या अ‍ॅम्पमध्ये तो नव्हताच. व्हॉल्यूम ६ च्या जरा पुढे. बास ३, मिड ७, ट्रेबल ६, प्रेझेन्स (अगदी वरची पट्टी) जेमतेम. मिड तीनवरून सातवर नेताना त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. एकट्याने वाजवताना मिड नाकातला वाटतो. पण गिटारचा आवाज बँडमध्ये मिडमध्येच राहतो. खाली बास आणि बेस ड्रम, वर सिंबल. मिड काढून टाकलेली गिटार त्या दोघांच्या मध्ये आपली खोली रिकामी सोडून जाते. रिहर्सलला तो गायब का होत होता त्याचं मुख्य कारण हे.

रिव्हर्ब बंद. स्पीकरसाठी चार बाय बाराचं (बारा इंची चार स्पीकरचं), सेलेशनच्या ग्रीनबॅक प्रकारच्या स्पीकरचं कपाट निवडलं. तयार प्रीसेटमध्ये बहुधा एकच डायनॅमिक माइक स्पीकरच्या मध्यावर रोखलेला असतो, त्याचा पाच-सहा हजार हर्ट्‌झच्या आसपासचा उभार कानाला टोचतो. प्लॅटने नंतर सांगितलेली जोडी न्यूमनच्या यू६७ आणि यू८७ या कंडेन्सर माइकची आहे. याच्या युनिटमध्ये एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर होता. तो घेतला आणि मध्यापासून कडेला सरकवला. दोन माइक एकत्र करून पाहायचा मोह आवरला, कारण अंतर जुळलं नाही तर दोघे एकमेकांचा आवाज खातात आणि दोष पुन्हा अ‍ॅम्पवर जातो.

शेवटी ९० हर्ट्‌झखालचं सगळं कापलं. हे कापताना तो अक्षरशः हळहळला.

रिहर्सल

खोलीत पहिला अडथळा दुसरा गिटारवादक. त्याचाही प्रीसेट त्याच घराण्यातला, गेन आठ. एकाने गेन उतरवला आणि दुसऱ्याने नाही, तर उतरवणारा मूर्ख दिसतो. त्याला थेट सांगून भागणार नव्हतं, म्हणून त्याला फक्त एक बाजू ऐकायला लावली, अँगसची. अँगसची गिब्सन एसजी गिटार आणि मार्शल माल्कमपेक्षा थोडी जास्त तुटते, मधल्या पट्टीत थोडी पुढे येते. त्यात केन शॅफरच्या वायरलेस यंत्राचाही हात होता. शॅफर-व्हेगा नावाचं ते यंत्र आवाज पाठवताना दाबत आणि मग पसरत असे, शिवाय अ‍ॅम्पला जरा जोरात ढकलत असे. अँगसला तो परिणाम इतका आवडला की ते स्टुडिओतही वापरलं गेलं. माल्कमचा मामला मात्र गिटार, वायर, अ‍ॅम्प, संपलं. माल्कमचा टोन शोधताना त्या यंत्राची नक्कल करणारं पेडल घेऊ नये असं मी म्हणतो. दुसऱ्या भावाच्या कामाला ते उपयोगी पडतं.

दुसऱ्याने गेन पाचवर आणला. त्याहून खाली यायला तयार नव्हता, आणि सोलोसाठी ते ठीकच होतं. दोन आवाज वेगळे झाले एवढं पुरे होतं. दोन्ही गिटारी एकच प्रीसेट वापरतात तेव्हा एक मोठी गिटार मिळत नाही. दोघांतला बारीक वेळेचा फरक ऐकू येण्याऐवजी सगळं पुसट होतं.

मग आवाजाची पातळी. घरी हळू ठेवून जुळवलेला टोन मोठ्याने वाजवला की बास आणि ट्रेबल दोन्ही जास्त वाटतात, कारण कान हळू आवाजात ही दोन टोकं कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून मांडलं. म्हणून घरचं सेटिंग हे फक्त सुरुवात. रिहर्सलच्या पातळीला बास आणखी उतरला, ट्रेबल सहावरून पाचच्या खाली आला, मिड तिथेच राहिला. खोलीच्या मध्यभागी फोन ठेवून रेकॉर्ड केलं, कारण अ‍ॅम्पसमोर उभं राहून ऐकलेल्या टोनवर माझा विश्वास नाही. गुडघ्यांना लागणारा आवाज आणि श्रोत्याच्या कानाला लागणारा आवाज वेगळे असतात.

रेकॉर्डिंगमध्ये डी ऐकू आली. चारही स्वर सुटे, गंधारासकट. आणि ठोक्यांच्या मध्ये खरोखर काही नव्हतं, फक्त हाय-हॅट. बासवाल्याने लगेच तक्रार केली की आता त्याच्या चुका ऐकू येतात. बरोबर होतं ते. आतापर्यंत गिटारची खालची पट्टी त्याच्यावर पांघरूण घालत होती. एसी/डीसीच्या बासवादकाने, क्लिफ विल्यम्सने त्या अल्बमवर जे वाजवलंय ते फार साधं आहे, पण गिटारी जाड वाटतात त्यातला मोठा वाटा त्याचा आहे. याच्या बासवाल्याला भराव कमी करून गिटारसोबत नेमका ठोका पकडायला सांगितल्यावर दोन गिटारी आपोआप मोठ्या झाल्या, कुणीही कुठलाही नॉब न फिरवता.

जे आलं नाही तेही नोंदवतो. खऱ्या शंभर वॅटच्या अ‍ॅम्पसमोर कॉर्ड मारली की स्पीकरमधून हवेचा एक धक्का येतो आणि तो परत तारांना लागतो. कॉर्डची आस त्यामुळे थोडी जिवंत राहते, विरत जाताना किंचित रंग बदलते. युनिटमधून मॉनिटरवर आलेल्या आवाजात तो धक्का नाही. कॉर्ड एका रेषेत विरते. 'बॅक इन ब्लॅक'मध्ये कॉर्ड लवकर थांबतात म्हणून हे फारसं जाणवलं नाही, पण त्याच अल्बममधल्या 'हेल्स बेल्स'च्या संथ सुरुवातीला लगेच कळलं. तिथे त्याने गिटारचा व्हॉल्यूम सातवरून नऊवर नेला. तेवढ्यावर भागवलं.

पिकअप बदलावा का, हे तो अजून विचारतो. फिल्टरट्रॉनच्या धर्तीचे, साध्या हमबकरच्या खाचेत बसणारे पिकअप मिळतात, आणि त्याच्या गिटारमध्ये तो नक्कीच फरक पडेल: वरची पट्टी जास्त उघडी, तार तारेपासून जास्त सुटी. पण तेवढ्या पैशांत मी आधी दुसरी जुनी, साधी गिटार शोधीन, तिच्यावर १२ चा संच कायमचा चढवीन आणि तिला दुसरं कुठलंही काम देणार नाही. माल्कम २०१४ मध्ये आजारपणामुळे बाजूला झाला. त्याच्या जागी आलेल्या पुतण्याने, स्टीव्ही यंगनेही ग्रेचच हातात घेतली. आपल्या मित्राचं मत सध्या पिकअपकडे झुकतंय. तारांचा संच मात्र त्याने स्वतःहून ११ वरून १२ वर नेलाय, गुंडाळलेल्या तिसऱ्यासकट, आणि नट पुन्हा कोरून घेतलाय.